आईची तक्रार

दार उघडलं तर केबलवाला नवा मॉडेम घेऊन उभा. मी म्हणालो, "मी तर तक्रार केलीच नव्हती."

"तुमच्या आईंनी केलीय. महिनाभर मागे लागल्यात. मॉडेम जुना झालाय, लेकाशी दोन शब्द धड बोलता येत नाहीत म्हणाल्या." त्याने मोबाईलवर आईने पाठवलेला फोटो दाखवला. वहीचं पान, तिचं टपोरं अक्षर. रोजची तारीख आणि पुढे व्हिडिओ कॉल किती मिनिटांनी तुटला ते. चार. तीन. पाच. तीन.

त्याने धुळीने माखलेला जुना मॉडेम काढण्याआधी लॅपटॉपला जोडून तपासला. "कमाल आहे. महिनाभरात तुमचं नेट एकदाही गेलेलं नाही."

मी मान खाली घातली. "आई, नेट गेलं वाटतं," असं म्हणून रोज मीच कॉल कट करायचो.

त्याने नवा मॉडेम बसवला.



"तक्रार बंद करताना दोष कशात होता ते लिहावं लागतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आईंना तसा मेसेज जाईल. काय लिहू?"