पाण्याचा जोर

गुणाजीने दुसरी उलटी केली, तीही रक्ताचीच. घमेलं अर्धं भरलं. सकाळचे पेशंट तसेच बाकावर सोडून गुप्ते डॉक्टर धावले. रामवाडीतल्या त्या लहानशा दवाखान्यात जे होतं ते त्यांनी वापरलं. शीर शोधली, सलाईन लावलं, त्यात रक्तवाहिन्या आवळणारं औषध सोडलं. थोड्या वेळाने गुणाजी पांढराफटक पडला आणि पोट धरून कण्हायला लागला.

"कळ येऊ दे," डॉक्टर म्हणाले. "आतल्या शिरा आवळतायत. तेच हवंय."

दुपारपर्यंत रक्त थांबलं. डॉक्टरांचं डोकं मात्र तापलं. आठ महिन्यांपूर्वी हा माणूस असाच आला होता. दारूने लिव्हर आक्रसलेलं, रक्ताची मोठी वाट तुंबलेली, आणि अन्ननलिकेतल्या बारक्या शिरा फुगून फुटलेल्या. त्या शिरांवरचा दाब उतरवणाऱ्या गोळ्या त्यांनी तेव्हाच सुरू केल्या होत्या.

"प्यायला ना हा परत?"

"नाय ओ डॉक्टर!" सगुणा कळवळून म्हणाली. गुणाजीची बायको ती, मिठागरावर त्याच्या बरोबरीने राबणारी. "घोट नाय घेतला आठ महिन्यांत. मी घेऊ देईन?"

"मग गोळी निकामी झाली म्हणायची. आता मुंबई. पोट उघडून शीर जोडतील. या लिव्हरला ते झेपेल, असं मला वाटत नाही."

सगुणा नवऱ्याचे पाय धरून खाटेशी खाली बसली. धाकटा दीर काळुराम रोह्याच्या कंपनीतून पहिली शिफ्ट टाकून आला होता. त्याने विचारलं, "वहिनी, गोळ्या रोज दिल्यास ना?"

"रोज कशाला? उधाणाच्या दिल्या. एक उधाण चुकवलं नाय."

सगुणाला कळेना की आपल्याकडे सगळे असे का बघतायत. तिने बोटांवर मोजून दाखवलं. अमावस्येच्या आगेमागे मिळून सात दिवस, पुनवेच्या आगेमागे मिळून सात दिवस. खाडीला उधाण असतं तेव्हा. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी मरगळलेलं, तेव्हा औषध कशाला फुकट घालवायचं? आज तर अष्टमी. भांगाला कधी बांध फुटतो होय?

"अगं बये!" काळुराम ओरडलाच. "तूच घेतलास की गो त्याचा जीव! डॉक्टरांचं ऐकायला काय झालं होतं तुला?"

"त्यांचंच ऐकलं," सगुणा रडत म्हणाली. "डॉक्टर, तुमीच बोललाव ना, बांधाची उघाडी तुंबली, पाणी जायची वाटच बंद झाली, की पाणी बांधातल्या खेकड्याच्या बिळांतून वाट काढतं. बिळं रुंदावतात नि बांध जातो. गोळी पाण्याचा जोर उतरवते. मी इचारलं, म्हंजे उधाणाला सांभाळायचं? तुमी बोललाव, शाब्बास, अगदी बरोबर."

गुप्ते डॉक्टरांना सगळं आठवलं. समजावून सांगण्याची त्यांना भारी हौस. मिठागरातल्या बाईला एवढं अवघड दुखणं दोन मिनिटांत कळलं म्हणून ते केवढे खूश झाले होते! रोह्याच्या डॉक्टरांच्या बैठकीत हा किस्सा त्यांनी दोनदा रंगवून सांगितला होता, टाळ्याही घेतल्या होत्या. चिठ्ठीवर 'रोज दोन' लिहिलं होतं खरं, पण इंग्रजीत. आणि तोंडाने ते सांगायचं त्या आनंदात राहूनच गेलं होतं. त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली.

"मुंबईची चिठ्ठी लिवा तुमी," काळुराम म्हणाला. "मी गाडी बघून येतो."

डॉक्टर मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला बसले. पहिला कागद त्यांनी चुरगाळला. त्यावर अशा वेळी सगळेच लिहितात ते वाक्य आलं होतं, नातेवाइकांच्या निष्काळजीपणाचं. दुसऱ्या कागदाला बराच वेळ लागला. तोवर गुणाजीने डोळे उघडून पाणी मागितलं, सगुणाने कापूस भिजवून त्याच्या ओठांना लावला. दीर परत आला तरी तिने मान वर केली नाही. गावात आता काय तोंड दाखवायचं, हेच तिच्या मनात चाललं होतं.

जीप दाराशी लागली. काळुरामने चिठ्ठी हातात घेतली. कंपनीत राहून त्याला इंग्रजी जेमतेम वाचता यायचं. तो अडखळत वाचायला लागला.

"काय लिवलंय?" सगुणाने भीतभीतच विचारलं. "माझं नाव हाय त्यात?"

काळुरामने घसा खाकरला.

"ऑपरेशन करू नका, असं लिवलंय. गोळी निकामी नाय. दुर्बिणीने शिरा बंद करा, नि गोळी रोज चालू ठेवा." उरलेली ओळ त्याने मनातल्या मनात दोनदा वाचली, मग वहिनीच्या शेजारी खाली बसून तिला सांगितली. "गोळी अर्धेच दिवस दिली गेली. कारण, मी तसं सांगितलं होतं. खाली डॉक्टरांची सही हाय गो."