साडेतीन लाखांचं नाव

ढुंढिराज नानांच्या दहाव्याला गोदाकाठी पिंड मांडून पाऊण तास झाला, तरी कावळा शिवेना. शेजारच्या पिंडांना शिवत होता, म्हणजे कावळ्यांचा संप नव्हता.

नानांचा जीव कशात अडकलाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या क्रेडिट कार्डावरून कुणीतरी साडेतीन लाखांना ‘नाशिकची द्राक्षं डॉट कॉम’ हे भारीतलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नुसतं नाव, विकत घेतलं होतं. “नुसतं नाव? आत काहीच नाही?” असं बँकेत आणि सायबर पोलिसांत विचारत विचारतच नाना गेले.

धाकटे काका हात जोडून म्हणाले, “नाना, त्या चोराला आम्ही शोधून काढू.”

कावळा कठड्यावरून हलला नाही.

“शोधून काढू आणि चोपूसुद्धा,” आत्या म्हणाली.

कावळ्याने मान फिरवली.

मग नानांचा मुलगा विश्वेश पुढे झाला. त्याने डोळे मिटले आणि ओठही न हलवता तो मनात म्हणाला, ‘नाना, ते मीच घेतलं होतं. दुप्पट भावाने विकून गुपचूप पैसे भरणार होतो. गिऱ्हाईकच आलं नाही.’

कावळा खाली उतरला. उड्या मारत पिंडापासून वीतभर अंतरावर आला, थांबला आणि विश्वेशकडे बघत राहिला.



गुरुजी दर्भ सावरत म्हणाले, “मनातल्या मनात नाही चालत, यजमान. सगळ्यांना ऐकू येईल असं बोला.”