डाव्या हाताचा मोजा

मोजा आज पुन्हा गायब होता. तियास ओसरीवर बसून डाव्या, मोकळ्या हाताने मांजर कुरवाळत होती. उजवा हात नेहमीसारखा मांडीवर, मूठ वळून निजलेला. वेनिंगने कपाळाला हात लावला आणि चोर कोण ते तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आत नारळ खवत बसलेली तियासची आजी कार्सिनेम, जिला सगळे सिम्बाह, म्हणजे आजीबाई, म्हणत. आई मलेशियात कामाला, घरात माणसं दोनच. दुसरं कोण असणार?

वेनिंग जावा बेटावरच्या क्लातेनच्या उपचारकेंद्रात अपंग मुलांना व्यायाम शिकवायची आणि त्यांच्या घरीही जायची. योग्याकार्ताच्या परिषदेला जाऊन आल्यापासून तिच्या अंगात नवं संशोधन संचारलं होतं. नुसतं चोळून आणि ताणून हात सुधारत नाही. चांगला हात रोज काही तास बांधून ठेवा, म्हणजे अधू हाताला कामाला लागावंच लागतं. आणि काम असं हवं की ज्याची मुलाला स्वतःला गरज वाटेल, रोजचं, घरातलं, हळूहळू अवघड होत जाणारं. हे ती इतक्यांदा सांगत सुटली होती की केंद्राचा पहारेकरीसुद्धा आता ते चालीवर म्हणायचा.

डाव्या हातासाठी तिने स्वतः म्हशीच्या तोंडाचा मोजा शिवला. शिंगं जरा जास्तच मोठी झाली, पण तिला त्याचा कोण अभिमान! मग उजव्या हातापुढे मणी ठेवले, पेले ठेवले, अननसाची बिस्किटं ठेवली. तियास मण्यांकडे बघून जांभई द्यायची. बिस्किटासाठी नुसता आ करायची. डाव्या हाताने खायचं नसतं आणि उजवा उठत नाही, म्हणून जन्मापासून आजीच भरवत आली होती. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात हे मोज्याचं प्रकरण. कधी तो पाण्याच्या हौदामागे सापडायचा, कधी न्हाणीघराच्या खिडकीबाहेर केळीखाली. वेनिंगने आधी चिकटपट्टी लावली होती. ती सुटते म्हणून बटणं लावली. बटणंही सुटतात म्हणून जाड नाडी ओवली आणि वर गाठ मारली. म्हातारी लाडापोटी पोरीला सोडवते, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. एकदा तिने तसं तोंडावर बोलूनही दाखवलं.

"मला चोरायचंच असतं तर काहीतरी देखणं चोरलं असतं, पोरी," सिम्बाह म्हणाली. "ते ध्यान कोण नेतंय?"

पण त्या दिवशी म्हातारी दुखावली. तिने निक्षून सांगितलं की ईदपर्यंत वाट बघेन. ईदच्या सकाळी तियासने रिवाजाप्रमाणे आपल्यापुढे गुडघे टेकून, उजव्या हाताने आपला हात धरून कपाळाला लावला तर ठीक. नाहीतर हे मोजे-बिजे बंद, आणि तियासला डोंगरावरच्या मालिशवाल्याकडे न्यायचं. गेल्या वर्षी त्याच मालिशवाल्याने ओढून-पिळून तियासचं मनगट असं सुजवलं होतं की पोर रडून रडून थकली होती.

ईदच्या सकाळी वेनिंग बिस्किटांचा डबा घेऊन हजर झाली. डावा हात चुकूनही पुढे यायला नको म्हणून तिने म्हशीचं तोंड चढवलं आणि नाडीला एकावर एक तीन गाठी मारल्या. आज कसा सुटतोय बघू, असा चेहरा करून तिने सिम्बाहकडे पाहिलंसुद्धा.

सिम्बाह नवी ओढणी घेऊन वेताच्या खुर्चीवर बसली. तियास पुढे गुडघ्यावर. उजवा हात मांडीवरून हलेना. शेजारपाजारचे दारात उभे. तियास लाल झाली, चुळबुळ करू लागली. वेनिंगला वाटलं, पोर लाजली.

"झालं," सिम्बाह हळूच म्हणाली. "परवा आम्ही डोंगरावर जातो."

तेवढ्यात तियास सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे वळली. खांदा हलला. कोपर हललं. नाडीचं टोक बाजूला लोंबलं. मग म्हशीचं तोंड उडून वेनिंगच्या मांडीवर येऊन पडलं आणि तियास न्हाणीघराकडे धूम पळाली.

वेनिंगच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "तियास, मोजा!"

न्हाणीघराचं दार धाडकन लागलं. आतून रडवेला आवाज आला. "ताई, रागावू नको ना. तो हात बांधला तर शी झाल्यावर मी धुऊ कशाने? जेवायच्या हाताने धुवायचं नसतं, सिम्बाह ओरडते."

दारातले शेजारी फसकन हसले. वेनिंगने मांडीवरच्या मोज्याकडे पाहिलं. नाडी तुटली नव्हती. गाठी सुटल्या होत्या, तिन्ही. डावा हात तर आत कोंडलेला होता. म्हणजे इतके दिवस रोज, आधी चिकटपट्टी, मग बटणं, मग नाडी, सगळं त्या निजलेल्या उजव्या हाताने सोडवलं होतं. गरजेचं, रोजचं, घरातलं आणि हळूहळू अवघड होत जाणारं काम. अवघड कोण करत होतं, तर वेनिंग. तेही रागाच्या भरात. अख्खा जन्म जावा बेटावर गेला, रोजची सकाळ डाव्या हातावाचून निभली नाही, आणि संशोधनाच्या नादात बाईला एवढंही आठवलं नाही की तो हात कशासाठी असतो. तिला हसू आलं, लाज वाटली, आणि डोळेही भरून आले.

"सिम्बाह, मी तुम्हाला उगाच..." तिने सुरुवात केली.

सिम्बाहने तिच्या मांडीवरून मोजा उचलला, शिंगं नीट केली आणि तो परत तिच्या हातात दिला.

"परवा येशील तेव्हा," ती म्हणाली, "चार गाठी मार."