काचेतला गाल

काचेच्या पेटीतला गाल आज छान गुलाबी झाला होता. भाजलेल्या शेवंताच्या पेशींपासून डॉक्टर हेमांगीने तो वाढवला होता. केसाएवढ्या रक्तवाहिन्यांतून आता रक्त खेळत होतं.

"बघू तरी आमच्या हिचा नवा गाल!" म्हणत शेवंताचा नवरा आत आला. स्टोव्हचा भडका उडाला, असं तोच सगळ्यांना सांगायचा. शेवंता मात्र तोंडातून शब्द काढत नव्हती.

तो पेटीवर वाकला आणि गाल पांढराफटक पडला. हेमांगीने घाईघाईने रक्त खेळवणारा पंप तपासला. पंप नीट चालू होता. नवरा मागे सरकला, तसा गाल पुन्हा गुलाबी झाला.

हेमांगीने पंपावरची नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याही ते लक्षात आलं होतं. काचेवर टिचकी मारत तो हसला, "घाबरतेस काय गं? शेवटी घरीच यायचंय ना?"