दुपारचा आकडा

गरोदरपणाच्या नवव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला डायबेटीस असल्याचं सांगितलं आणि साखर मोजायचं यंत्र हातात ठेवलं. सकाळी घरी मोजली की साखर बरी यायची. दुपारी केकच्या दुकानात आयसिंगची फुलं काढता काढता घाईने बोट टोचलं, की आकडा अडीचशेच्या पुढे! दुपारचं जेवण मी आधी अर्धं केलं, मग नुसत्या काकडीवर आले. आकडा काही हलेना.

"अगं, दोन घास तरी खा, दोन जिवांची आहेस," सासूबाई ताट घेऊन मागे लागायच्या.

"तेच घास बाळाला मारतील, आई," म्हणत मी रडत ताट सरकवायचे.

अकराव्या दिवशी दुकानातच चक्कर येऊन पडले. नवऱ्याने तसंच दवाखान्यात नेलं. नर्सने साखर मोजली, दोनशे साठ. मग तिने माझं बोट उजेडात धरलं.

"टोचण्याआधी हात धुता ना?"

"एप्रनला पुसते. कामात कुठला वेळ?"

तिने साबणाने हात धुवायला लावले आणि पुन्हा मोजली. ब्याण्णव.

"अहो, ही तुमच्या रक्तातली साखर नाहीच. बोटाला लागलेलं आयसिंग मोजत होतात तुम्ही!"

नवऱ्याला हसू आवरेना. तो डोळे पुसत म्हणाला, "सुटलो बाई एकदाचे!"



मी पोटावर हात ठेवून नर्सला विचारलं, "मग अकरा दिवस मी बाळाला उपाशी कशासाठी ठेवलं?"