सोवळ्यात गाळलेलं तेल

“छोटी बहूजी तो पूरी गोनी ले गईं. कह रही थीं, भोपाल में काम आएँगी,” शिश्यांची गोणी ओसरीवर टेकवता टेकवता शिशीवाला सहज बोलून गेला. विजयाबाई शिश्या मोजायच्या थांबल्या.

छोटी बहूजी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ सरोजिनी. तिचा नवरा रमाकांत सचिवालयात कारकून. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि दप्तरांमागोमाग ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या निम्म्या बाबूलोकांची बिऱ्हाडं हलायला लागली. सरोजिनीचंही हलणार होतं. त्याचं काही नाही, नोकरी आहे, जावं लागतंच. पण रिकाम्या शिश्या कशाला हव्यात तिला? लोणचं भरायला? शिश्या लागतात त्या तेलालाच. आणि एवढ्या दिवसांत ही बया एका शब्दानं बोलली नव्हती.

त्या तेलावर विजयाबाईंचं घर उभं होतं. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांच्या यजमानांची, मधुसूदनरावांची, दरबारातली नोकरी गेली. ते जे झोपाळ्यावर बसले, ते बसलेच. मग विजयाबाईंनी पदर खोचला आणि चुलीवर कढई चढवली. माका, आवळा, जास्वंद. बघता बघता साहेबलोकांच्या बायका दुसऱ्या तेलाला हात लावीनाशा झाल्या. लोक मधुसूदनरावांना ‘विजयाबाईंचे यजमान’ म्हणून ओळखायला लागले. आता त्याच सगळ्या बायका भोपाळला चालल्या होत्या, आणि त्यांच्यामागून शिश्या घेऊन सरोजिनी. इथं मागे उरणार विजयाबाई आणि त्यांची थंड कढई.

“केसानं गळा कापला हो माझा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि रडल्या. मधुसूदनरावांनी झोपाळा तेवढा थांबवला.

रडू येण्यासारखंच होतं. सरोजिनीला त्यांनी पाठच्या बहिणीसारखं शिकवलं होतं. माका कुटायची ती, रसातलं पाणी आटेपर्यंत कढईपाशी उभी राहायची ती, शिश्या उन्हात वाळवायची ती, नरसाळं लावून भरायचीही तीच. फक्त गाळायचं काम विजयाबाई एकट्या करत. अंघोळ करून, सोवळं नेसून, दार लावून. कुणी शिवायचं नाही, कुणी डोकवायचं नाही. आता तुम्हीच सांगा, डोक्याला लावायच्या तेलाला कसलं आलंय सोवळं? देवाच्या नैवेद्याला असतं ते. पण सोवळं म्हटलं की आपल्यात पुढे कुणी काही विचारत नाही, हे विजयाबाई पक्कं जाणून होत्या.

आत त्या काही मंत्रबिंत्र म्हणत नसत. जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात तेल ओतून ते टांगत आणि ठिबकू देत. बस्स, एवढंच. फडकं पिळलं की गाळ उतरतो, ओल उतरते, तेल गढूळ होतं आणि महिन्याभरात खवटतं. म्हणून पिळायचं नाही. एवढी एक गोष्ट त्यांनी पाठच्या बहिणीपासूनही राखून ठेवली होती.

निघायच्या दिवशी टांगा दाराशी लागला. सामान चढलं. सरोजिनी स्वयंपाकघरात आली.

“वहिनी, तिकडे मी तेल करणार आहे. तुम्हांला सांगणारच होते. सगळं येतं मला, गाळायचं तेवढं कधी पाहिलं नाही. फडक्याचं कसं करता तुम्ही?”

चोरानं येऊन किल्लीच मागावी, तसं वाटलं विजयाबाईंना. अंगाचा तिळपापड झाला. पण आवाज त्यांनी अगदी गोड काढला.

“सोपं आहे गं. गरम असतानाच फडकं घट्ट पिळायचं. शेवटचा थेंब निघेपर्यंत.”

सरोजिनीनं पदर सारखा केला. मग “बरं” म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. विजयाबाईंनी आशीर्वादही दिला. कर म्हणावं आता तेल, घाल म्हणावं त्या बायकांच्या डोक्यावर.

सरोजिनीनं पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढला. नवीकोरी छापील लेबलं होती, शाईचा वास येत होता. वरचं एक तिनं विजयाबाईंच्या हातात दिलं. ‘विजयाबाईंचे माक्याचे तेल, ग्वाल्हेर.’

“छावनीतल्या छापखान्यातून करून घेतली. निघताना दाखवायची म्हणून बोलले नव्हते. भोपाळला मला कोण ओळखतंय? नाव तुमचंच चालणार.”

विजयाबाईंनी ते पुन्हा वाचलं. भोपाळमधल्या सगळ्या ओळखीच्या बायका त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. बूच काढतायत, नाक मुरडतायत, शिशी फिरवून नाव वाचतायत.

“सरोज, थांब,” त्या घाईनं म्हणाल्या. “पिळू नकोस गं. चुकून बोलले मी. नुसतं टांगून ठेव, आपोआप ठिबकू दे. पिळलं की खवट होतं.”

बाहेरून रमाकांतनं हाक मारली, “अगं चल, गाडी छूट जाएगी.”

सरोजिनीनं लेबलं नीट रचून पिशवीत ठेवली.

“ठाऊक आहे मला, वहिनी. इतकी वर्षं ती फडकी मीच रिठ्यात धुतेय. तेलानं नुसती निथळत असायची, पिळल्याची एक सुरकुती नसायची.” तिनं पिशवी उचलली. “मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

“मग सांगितलं की मी,” विजयाबाई म्हणाल्या.

“हो,” सरोजिनी म्हणाली, “लेबल वाचल्यावर.”