तिला लागेल तेवढा वेळ

न्यायाधीशबाईंनी खोली रिकामी करायला सांगितली, तेव्हा न्याकुंडी अर्धवट उठला. पण शेजारी बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने, बोसिबोरीने, त्याच्या मांडीवर हात दाबून त्याला खाली बसवलं.

समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्याची बायको केरुबो उभी होती. पूर्वी ती नैवाशाच्या तळ्याकाठी गुलाबाच्या मळ्यात फुलांच्या जुड्या बांधायची. मळ्याच्या दवाखान्यातल्या नर्सने तिचा आजार मॅनेजरच्या कानावर घातला आणि त्याने तिला कामावरून काढून टाकलं. केरुबो गप्प बसली नाही. माझ्या आजाराची गोष्ट मला न विचारता दुसऱ्याला का सांगितली, एवढंच विचारायला ती नाकुरूच्या कोर्टात आली होती.

न्याकुंडीशी तिची गाठ पडली ती काम सुटल्यानंतर; खटला तेव्हापासून रेंगाळतच होता. लग्नाआधी तिने त्याला सांगितलं होतं, "मला एक आजार होता. त्याची बाधा तुला होणार नाही, मुलाबाळांनाही नाही. याहून जास्त आता सांगवत नाही मला."

न्याकुंडी न्हावी. खुर्चीत बसलेली माणसं न विचारता त्याला नको नको ते सांगायची. निदान घरी एक माणूस आपलं आपल्याजवळ ठेवतंय, त्याचं वाईट काय वाटायचं, असं तो म्हणायचा. म्हणायचा खरा.

आज मळ्याचा वकील हटून बसला होता. आजार कोणता ते कळल्याशिवाय, तिला कामावरून काढलं ते चूक की बरोबर, हे ठरायचं कसं?

"बंद दाराआड सांगा," न्यायाधीशबाई केरुबोला म्हणाल्या. "तुमचा नवरा थांबला तरी चालेल, तुमची हरकत नसेल तर."

केरुबोने न्याकुंडीकडे पाहिलं. "त्याची मर्जी."

आवाज साधाच होता. पण धावत्या मटाटू-गाडीच्या दाराला लोंबकळणाऱ्या माणसासारखा तिने दोन्ही हातांनी कठडा घट्ट आवळला होता.

"बस गप," बोसिबोरी कानात कुजबुजली. "बायको काय लपवतेय ते कळायची हीच वेळ. पुन्हा यायची नाही."

त्याला ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं. रात्री ती पाठ करून झोपली की डोळे मिटेपर्यंत तो तेच तर्क करत पडायचा. त्याने पुन्हा एकदा कठड्यावरच्या त्या हातांकडे पाहिलं आणि बहिणीचा हात मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

"चल ताई. आपल्याला बाहेर जायला सांगितलंय."

"मला सांगितलंय. तुला नाही."

"मग मी आपणहून निघतो."

बाहेरच्या बाकावर बोसिबोरीने त्याला सोडलं नाही. "गावी आई विचारेल, सुनेला काय झालं होतं. काय सांगशील?"

"आता बरी आहे म्हणून सांगेन."

"झाकल्या भांड्यात काय शिजतंय ते बघू नये माणसाने? खुळाच आहेस तू."

"इतकी वर्षं त्याच भांड्यातलं जेवतोय, ताई. अंगी लागलंय की."

बोसिबोरीला हसू आलं, ते तिने तोंड फिरवून गिळलं. आतून आवाज येत नव्हता.

दार उघडलं. केरुबो बाहेर आली ती दिवसभर पाठीवर लाकडं वाहिल्यासारखी. न्याकुंडी उठून तिच्या शेजारी चालू लागला.

"आत सगळे परके होते," थोड्या वेळाने ती म्हणाली. "वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं."

"भूक लागली असेल."

"लागलीय."

रस्त्याकडेला एक बाई मक्याची कणसं भाजत होती. बोसिबोरीने एक कणीस घेऊन मोडलं, मोठा तुकडा मुकाट्याने केरुबोच्या हातात दिला आणि पुढे चालू लागली.

निकाल लागला तेव्हा थंडी सरत आली होती. केरुबो जिंकली. न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं, की आजाराची गोष्ट ज्याची त्याची असते. ती कुणाला सांगायची, कधी सांगायची, सांगायची की नाही, हे त्यानेच ठरवायचं. हा हक्क मळ्याने दिलेला नाही, घटनेने दिलेला आहे, म्हणून मळ्याला तो काढून घेता येत नाही. केरुबो खाली मान घालून ऐकत होती. न्याकुंडीला वाटलं, ती रडतेय. ती रडत नव्हती.

दुपारी दोघं परत आली. न्याकुंडीने दुकान उघडलं, वस्तरा धुतला, आरसा पुसला. मागे वळून बघतो तर केरुबो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेली.

"माझे केस काप," ती म्हणाली.

आजवर त्याने तिचं डोकं उघडं कधी पाहिलं नव्हतं. झोपतानाही डोक्याला रुमाल असायचा.

"किती कापू?"

"सगळे." तिने हात मागे नेऊन रुमालाची गाठ सोडली, पण रुमाल अजून काढला नाही. "उजव्या कानामागे हळू हात चालव. तिथे काय आहे ते दिसेल तुला. मग विचार. आज सांगते."

इतक्यात दारात एकजण दाढी करायला येऊन उभा राहिला. "न्याकुंडी, किती वेळ लागेल रे?"

"तिला लागेल तेवढा," न्याकुंडी म्हणाला, आणि त्याने दाराचा पडदा ओढून घेतला.